दोन सर्व्हर, दोन कोलेशन

प्रश्न : लिंक्ड सर्व्हरवरच्या (आपल्या सर्व्हरला जोडलेल्या दूरच्या डेटाबेस-सर्व्हरवरच्या) टेबलाशी ग्राहक-कोडवर जॉइन केला, म्हणजे कोड जुळवून ओळी जोडल्या, की एसक्यूएल सर्व्हर ४६८ क्रमांकाची एरर देतो. दोन्ही कॉलम व्हारचारच (मजकुराचा एक प्रकार) आहेत. मग अडतं कुठे?

उत्तर : कॉलमचा प्रकार एकच असला, तरी कोलेशन, म्हणजे मजकुराच्या तुलनेचे आणि क्रमवारीचे नियम, वेगळे आहेत. जॉइनच्या अटीत दूरच्या कॉलमनंतर 'कोलेट डेटाबेस_डिफॉल्ट' (म्हणजे चालू डेटाबेसचं कोलेशन वापर) लिहिलं की एरर जाते. टेबल लहान असेल तर एवढं पुरे.

मोठ्या टेबलाला मात्र हा उपाय महागात पडतो. तुलना तिकडे न होता सगळ्या ओळी नेटवर्कवरून इकडे येऊ शकतात. त्यापेक्षा ओपनक्वेरीने (क्वेरी दूरच्या सर्व्हरवरच चालवणाऱ्या फंक्शनने) तिकडेच गाळून मोजक्या ओळी टेम्प, म्हणजे तात्पुरत्या, टेबलात घ्या आणि मग जॉइन करा. ते टेबल बनवतानाच मजकुराच्या कॉलमला 'कोलेट डेटाबेस_डिफॉल्ट' लावा. नाहीतर त्याला सहसा टेम्पडीबीचं (तात्पुरती टेबलं जिथे राहतात त्या डेटाबेसचं) कोलेशन मिळतं, आणि ते तुमच्या डेटाबेसहून वेगळं असेल तर ४६८ पुन्हा हजर!

वेग वाढावा म्हणून लिंक्ड सर्व्हरचं 'कोलेशन कम्पॅटिबल' सेटिंग (दोन्हीकडचे नियम सारखेच आहेत असं सर्व्हरला सांगणारं) ट्रू करण्याचा सल्ला कोणी देईल. दोन्हीकडचा कॅरेक्टर सेट आणि क्रमवारी खरोखर सारखी असेल तरच तो ऐका. तसं नसेल तर एरर न येता चुकीच्या ओळी मिळू शकतात.