आयोवातल्या हजार वस्तीच्या गावात राहायला येताय तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मिस्टरांना अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या वायव्य भागातल्या छोट्या दवाखान्यात नोकरी लागलीय, आसपास मराठी घर नाही, आणि "दिवसभर करू काय, लोक आपलं म्हणतील का" ही तुमची धास्ती आहे. मी जालन्याची, अशाच एका गावात नऊ वर्षं राहतेय. म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी गाडी शिका, शक्य तर तिकडूनच शिकून या. इथे बस नाही, रिक्षा नाही. शेतकऱ्यांची पोरं साडेचौदाव्या वर्षीच शाळेत जाण्यासाठीचं मर्यादित लायसन्स काढतात. माझे पहिले चार महिने गाडीविना खिडकीत बसून गेले, फार जड गेले. समोरून गाडीतून येणारा माणूस स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करतो, ओळख असो वा नसो. तुम्हीही उचला.

गावाचं वर्ष मक्यावर चालतं. एप्रिलअखेर ते मे पेरणी. "चार जुलैपर्यंत गुडघाभर" अशी जुनी म्हण आहे, पण आता तोवर मका बहुतेक डोक्याच्या वर गेलेला असतो. हा मका खायचा नाही, तो डुकरांच्या चाऱ्याला आणि इथेनॉलला जातो. खायचा गोड मका जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याकडेच्या गाडीवर मिळतो. बऱ्याचदा विकणारा नसतोच, डब्यात पैसे टाकून कणसं घ्यायची. जुलैतच शाळकरी मुलं बियाण्याच्या मक्याचे तुरे खुडायला जातात. पहिल्यांदा ते पाहिलं आणि आमच्याकडच्या कपाशीच्या बीजोत्पादनात वाकून फुलं हाताळणाऱ्या बायका आठवल्या. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाल्यांना संकरित बियाण्यांच्या कामासाठी १९९८ चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला, आणि त्या पुरस्काराचं कार्यालय याच राज्यात, डे मॉइनला आहे. हे शेजाऱ्यांना सांगितलं की बोलणं आपोआप सुरू होतं.

काउंटी फेअर, म्हणजे जिल्ह्याची जत्रा, चुकवू नका. फोर-एच या मुलांच्या संघटनेतली मुलं वर्षभर वाढवलेली वासरं, डुकरं घेऊन येतात आणि शेवटी त्यांचा लिलाव होतो. एक दहा वर्षांची मुलगी लिलावानंतर वासराच्या मानेत तोंड खुपसून रडत होती. बाप बाजूला उभा होता, घाई न करता. शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या अमेरिकन फुटबॉलला अख्खं गाव असतं. खेळ कळला नाही तरी जा. चर्चच्या जेवणाचं बोलावणंही येईल. जेवायला गेलं म्हणून कुणी धर्म विचारत नाही, निदान मला तरी नाही. शाकाहारी असाल तर मात्र आधी विचारा, कारण घेवड्याच्या कॅसरोलमध्येही (ओव्हनमध्ये भाजलेली भाजी) बेकन, म्हणजे डुकराचं मांस, असू शकतं आणि जेलोत (जेलीत) प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं.

हिवाळ्यात पारा उणे २५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो, त्याची तयारी दवाखान्यातली माणसं शिकवतील. महिन्यातून एकदा चक्रीवादळाचा (टॉर्नेडोचा) इशारा देणाऱ्या भोंग्याची चाचणी असते. एरवी वाजला तर सरळ तळघर गाठायचं.

आता सामावून घेण्याचं. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात आमच्या शेजारच्या शेतकऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं. मका उभा, घरी करणारं कुणी नाही. एका सकाळी आसपासचे शेतकरी आपली आठ कंबाइन (कापणी-मळणीची यंत्रं) घेऊन हजर झाले. त्यांची स्वतःची काढणी थांबलेली होती. संध्याकाळपर्यंत शेत मोकळं झालं. बायकांनी जेवण शेतातच आणलं. मी संकोचत मोठ्या पातेल्यात मसालेभात नेला, तर पातेलं घासूनपुसून परत आलं आणि त्यात लोणच्याची बरणी होती. त्या दिवसापासून कुणी मला "डॉक्टरची बायको" म्हणत नाही, नावाने हाक मारतात.

भारतीय किराण्याला दोन तास जावं लागतं, डाळी दोन-तीन महिन्यांच्या भरून ठेवा. कुकर आणि पोळपाट-लाटणं घेऊन या. गोडा मसाला जास्तच आणा, गावजेवणं बरीच असतात.