रजिस्टरमध्ये ‘भाऊ’ लिहू नकोस

पुणे

प्रिय,

तुझे पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचताना हसू आले, दुसऱ्यांदा आले नाही. हिंजवडीत जबाबदारीची नोकरी करणारा आणि वाकडला स्वतःच्या पैशाने घर चालवणारा मुलगा आपल्या जोडीदाराबरोबर, म्हणजे दोघे पुरुष मिळून, वाईला दोन दिवस जायचे म्हणून चार पाने लिहितो, आणि त्यांतली साडेतीन पाने कोणी काय विचारले तर काय उत्तर द्यायचे यावर खर्च करतो. लॉजमध्ये दोघांनी दहा मिनिटांच्या अंतराने शिरावे का, एक पलंग मागावा की दोन, आडनावे वेगळी असल्यामुळे चुलतभाऊ सांगण्यापेक्षा मामेभाऊ सांगणे सोयीचे पडेल का, हे प्रश्न तू ज्या बारकाईने मांडले आहेस, त्याच बारकाईने मीही ते पंचवीस-तीस वर्षांपूर्वी सोडवत बसत असे. तू कोण आहेस याविषयी तुझ्या मनात संशय नाही आणि माझ्याही नाही, त्यामुळे त्यावर शब्द घालवत नाही. प्रश्न काउंटरवरच्या त्या जाड वहीचा आहे, तेव्हा तिच्याबद्दलच लिहितो.

त्या वहीत ‘भाऊ’ लिहू नकोस. मामे, मावस, चुलत, आते, कोणताही नको. ‘मित्र’ लिही. दोघांचीही पूर्ण नावे लिही, दोघांचीही ओळखपत्रे पुढे कर, आणि नात्याचा रकाना असलाच तर त्यात ‘मित्र’ हा एक शब्द लिहून पेन खाली ठेव. तो शब्द अपुरा आहे हे मला कळते, पण अपुरे असणे आणि खोटे असणे यांत जे अंतर आहे, ते समजायला माझे अर्धे आयुष्य गेले. न सांगण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे. लॉजवाल्याला तुमच्या घरगुती आयुष्याची माहिती देण्याचे काहीही कारण नाही. मात्र न सांगणे ही एक गोष्ट आणि रचून सांगणे ही दुसरी. पहिली तुझ्या हातात राहते, दुसरी तुला वागवत बसावी लागते.

हरिहरेश्वरला एका घरगुती निवासात मी आणि माझा तेव्हाचा जोडीदार ‘मावसभाऊ’ म्हणून उतरलो होतो. घरच्या आजी जेवायला वाढत होत्या आणि पानात दुसऱ्यांदा सोलकढी ओतता ओतता त्यांनी अगदी मायेने विचारले, “मावशी कुठल्या गावी दिली?” मी म्हणालो मिरज. तो त्याच क्षणी म्हणाला बार्शी. आजी काही बोलल्या नाहीत, वाटी भरून निघून गेल्या, आणि आम्ही दोघे त्या रात्री समुद्रावर न जाता खोलीत बसून आमच्या नसलेल्या मावशीचे गाव, तिच्या यजमानांचा व्यवसाय आणि मुलांची नावे ठरवत राहिलो. शनिवार-रविवारची सुट्टी, ताम्हिणीतून सहा तासांचा प्रवास, आणि हातात काय आले, तर एक वंशावळ. कोकणातल्या त्या घरांत सकाळी एवढेच विचारतात की दुपारी किती पाने आणि शाकाहारी किती. त्यांना नाते नको होते, आम्हीच ते नेऊन त्यांच्या ताटात वाढले.

हा प्रसंग मी पुष्कळांना हसत सांगतो. दुसरा सांगत नाही, तो तुला लिहितो.

१९९९च्या जुलै महिन्यात आम्ही भंडारदऱ्याला गेलो होतो. धरण भरत आले होते, शेंडीच्या बाजारात उभे राहिले तरी अंगावर धुके येत होते. रंधा धबधब्याच्या अलीकडे शेवाळलेल्या दगडावरून तो घसरला आणि त्याचा पाय मांडीत मोडला. कोणाच्या तरी जीपमधून आम्ही तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात पोहोचलो. तिथे फॉर्म पुढे आला. कार्बन लावलेला, निळसर अक्षरांचा, आणि उजवीकडे तोच रकाना: रुग्णाशी नाते. मी सवयीने ‘मावसभाऊ’ लिहिले आणि खाली सही केली. मग एसटीडी बूथवरून सोलापूरला त्याच्या भावाला फोन केला, कारण पैसे कमी पडत होते.

भाऊ पहाटे पोहोचला. भला माणूस, रात्रभर गाड्या बदलत आला होता. त्याने तो कागद वाचला, परत वाचला, आणि माझ्याकडे न बघता डॉक्टरांना म्हणाला, “आमच्या आईला बहीणच नाही.”

तेवढे एकच वाक्य. त्यानंतर मला वॉर्डच्या बाहेर बसायला सांगण्यात आले आणि मी बाकावर थर्मास मांडीवर घेऊन दुपारपर्यंत बसलो. आत कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी माझ्यावर हात उगारला नाही. मी खोटी सही करणारा माणूस ठरलो होतो, आणि तशा माणसाला रुग्णाजवळ बसू देत नाहीत, हे बरोबरच आहे. मी जर ‘मित्र’ लिहिले असते तर त्या भावाने माझ्याशी चार शब्द बोलून मला चहा पाजला असता, कदाचित रात्रीची पाळीही माझ्याकडे दिली असती. आपल्याकडे दवाखान्यात मित्रच तर रात्री बसतात. मित्राची जागा माझी होती. ती समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ने काढून घेतली नाही, मी माझ्या हाताने खोडली. संध्याकाळी त्याला सोलापूरला नेले. पुढे त्याचे काय झाले, आमचे काय झाले, हा या पत्राचा विषय नाही.

तू म्हणशील, काका, तो काळ वेगळा होता. (काका हा शब्द तू परस्पर सुरू केलास, असो.) काळ वेगळा होताच. आपल्यासारख्यांचा संबंध हाच गुन्हा होता. तो गुन्हा नाही म्हणणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल २००९चा, तो सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात त्याच न्यायालयाने प्रौढांमधला संमतीचा संबंध गुन्ह्यातून वगळला, तोवर माझे केस पांढरे झाले होते. पुण्यात आपल्यासारख्यांसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट सुरू झाला तोही २००२ साली. त्याआधी विचारायला जावे असे दार मला तरी ठाऊक नव्हते. हे सगळे मी स्वतःला इतक्या वेळा समजावले आहे की आता झोपेतही म्हणून दाखवीन. परंतु दोन पुरुषांनी ‘मित्र’ लिहायला कोणतेही कलम कधीही आड आले नव्हते, आणि इथे माझी बाजू तोकडी पडते. शिवाय मी नोकरीला होतो बँकेत. दिवसभर लोकांच्या अर्जांवरचा ‘नाते’ हा रकाना तपासायचा, आत्येच्या नातवाने ‘मुलगा’ लिहिले असेल तर फॉर्म परत करायचा, आणि शनिवारी दुपारी स्वारगेटहून गाडी पकडून स्वतः मावसभाऊ व्हायचे. हे एकतीस वर्षांच्या नोकरीत मला विसंगत वाटले नाही, याचेच आता आश्चर्य वाटते.

तेव्हा पुन्हा सांगतो, भाऊ लिहू नकोस. कंटाळा आला तरी ऐक.

आता तुझ्या बाकीच्या प्रश्नांकडे येतो, कारण त्यांतले काही खरोखर कामाचे आहेत. खोली आधी फोनवर ठरव. ॲपवर पैसे भरून मोकळे होण्यापेक्षा जागेवर थेट फोन लावून सरळ विचार: “आम्ही दोघे पुरुष आहोत, एक खोली हवी, मोठा पलंग आहे का?” नकार मिळायचाच असेल तर तो तुला वाकडच्या खुर्चीत बसून मिळू दे, रात्री नऊ वाजता पाठीवर बॅग घेऊन उभे असताना नको. दोन प्रौढ पुरुषांनी एका खोलीत उतरणे हा गुन्हा नाही, पण मालक खोली नाकारू शकतो आणि त्याच्याशी काउंटरवर वाद घालून सुट्टी सत्कारणी लागत नाही. नकाराची कारणेही तुला वाटतात ती बहुतेक वेळा नसतात. लोणावळ्याकडचे कित्येक बंगलेवाले ‘फक्त फॅमिली, स्टॅग (नुसत्या पुरुषांचा गट) नाही’ म्हणतात ते पोरांच्या दारूला आणि रात्री दोन वाजताच्या स्पीकरला वैतागून. पुण्याच्या आसपास पुण्याचाच पत्ता असलेले ओळखपत्र बघून खोली नाकारण्याची खोडही बऱ्याच लॉजना आहे, हे आधी विचारून घे. आणि ‘कपल फ्रेंडली’ या पाटीवर विसंबू नकोस. ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक मुलगा आणि एक मुलगी असते. आधार कार्डाची झेरॉक्स द्यायची तर शेवटचे चार आकडे दिसणारी मास्क्ड प्रत दे, ती वैध आहे.

दहा मिनिटांच्या अंतराने शिरण्याची कल्पना मात्र सोडून दे. ते संशयाला दिलेले आमंत्रण आहे. दोघे एकत्र जा, एकत्र उभे राहा, बिल कोण देणार यावरून थोडी हुज्जत घाला, जशी सगळे मित्र घालतात.

अनोळखी माणसाला तिथे जाऊन डेटिंग ॲपवरून भेटायला बोलवायचे नाही, एवढे माझ्यासाठी पाळ. गावाबाहेर, रात्री, आणि फोटो हातात आल्यावर पैसे मागणारे भेटतात. तसे झालेच तर पैसे द्यायचे नाहीत. ती खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे, आणि त्यात फिर्यादी तू आहेस, आरोपी नव्हेस. ११२ लाव.

घरच्यांचे तू विचारले आहेस. लातूरला आईला ‘ऑफिसची टीम आउटिंग आहे, लोणावळ्याला’ असे सांगून वाईला जायचा तुझा बेत आहे. कोणाबरोबर जातोस ते सांगू नकोस, तुझी वेळ येईल तेव्हा सांगशील, मी घाई करणार नाही. पण गाव खरे सांग. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे डोळ्यांदेखत वाहून गेली, त्या संध्याकाळी लोणावळ्याला गेलेल्या प्रत्येकाच्या आईने फोन लावला असेल. तुझ्या आईने चुकीच्या गावाची बातमी बघत रात्र काढावी, किंवा बरोबर गावाची बातमी बघून निर्धास्त झोपावे, यांतले काहीही तुला चालणार आहे का? गावाच्या नावात तुझे कोणतेही गुपित नाही. आणि जोडीदाराच्या घरचा एक फोन नंबर तुझ्याकडे, तुझ्या घरचा त्याच्याकडे, ‘मित्र’ या नावाने आधीपासून ओळख झालेला असू दे. समलिंगी विवाहाला मान्यता देणे सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नाकारले आहे, त्यामुळे दवाखान्यातला तो रकाना अजून तसाच आहे. बँकेत मात्र संयुक्त खाते उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४मध्ये स्पष्ट केले आहे. हे वाईहून परतल्यावर बघ. आधी एक सहल तर नीट पार पाड.

वाई ही तू निवड चांगली केलीस. गांधी जयंतीला जोडून मात्र जाऊ नकोस, आणि कासला त्या गर्दीत तर मुळीच नको. हंगामात तिथे आगाऊ नोंदणी लागते आणि सुट्टीच्या दिवशी फुलांपेक्षा माणसे जास्त दिसतात. रविवारी दुपारी निघ, सोमवारची रजा काढ. सगळे पुणे परत येत असते तेव्हा तुम्ही उलट दिशेने जाल, खंबाटकीचा घाट मोकळा मिळेल, सुरूर फाट्याला वळालात की चहा घ्या. रविवारी संध्याकाळी लॉजवाले दमलेले असतात, त्यांना दोन शांत गिऱ्हाईके हवीच असतात आणि भावही उतरलेला असतो. ढोल्या गणपतीला सकाळी लवकर जा, मग मेणवलीला. नाना फडणविसांचा वाडा बघून मागच्या दाराने कृष्णेच्या घाटावर उतरलात की देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली दिसेल. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर आणलेली ती पोर्तुगीज घंटा आहे; जवळ जाऊन पाहिलेस तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते, कडा हात लागून लागून गुळगुळीत झाल्या आहेत. पायऱ्यांवर सोमवारी सकाळी धुणे धुणाऱ्या दोन-चार बायका सोडल्या तर कोणी नसते. तिथे तासभर बसा. आम्ही बसलो होतो, पण तेव्हाही मी कोणी विचारले तर काय सांगायचे याचीच उजळणी करत होतो, त्यामुळे नदी कशी होती ते मला आठवत नाही.

राहता राहिला पलंग. एकच माग. पाठ दुखते म्हणू नकोस, एसी एकाच खोलीत आहे म्हणू नकोस, काहीच म्हणू नकोस. “मोठा पलंग द्या” एवढे वाक्य पुरेसे आहे आणि ते खरे आहे.

लॉजला फोन सकाळी अकरानंतर कर, त्याआधी ते चेक-आउटच्या गडबडीत असतात. परत येताना खंबाटकीचा बोगदा लागेल, त्याच्या अलीकडे मला रेंजमधून एक मेसेज टाक. घाट कसा होता, जेवण कसे होते, हे नंतर भेटीत सांगशील. त्या वहीत काय लिहिलेस तेवढे आधी कळव.

तुझा,
काका