भाताला मक्यासारखं करणार म्हणतात, खरं का?

प्रश्न : सर, आमचं घोटीजवळ शेत आहे, इंद्रायणी लावतो. मुलगी नाशिकला एमएस्सी बॉटनी करते, ती म्हणते भाताच्या पानात मक्यासारखं फोटोसिंथेसिस बसवायला कितीतरी देशांचे लोक एकत्र काम करतायत. एका पानासाठी एवढे देश कशाला? आणि बियाणं आम्हाला कधी मिळणार? – एक वाचक, ता. इगतपुरी

उत्तर : दादा, लेक बरोबर सांगतेय. ते काम, सी-४ राइस प्रोजेक्ट (मक्याच्या पानाच्या पद्धतीला सी-४ म्हणतात), २००८ मध्ये फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत सुरू झालं, पुढे सूत्रं ऑक्सफर्डकडे गेली.

दुखणं आहे रुबिस्को नावाच्या एन्झाइमचं. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडायचं काम त्याचं, पण हा गडी एक तर भलता मंद, सेकंदाला जेमतेम तीन-चार रेणू, वर मधूनमधून चुकून ऑक्सिजनच पकडतो, मग ती चूक निस्तरायला झाड मिळवलेली ऊर्जा घालवतं आणि उकाडा वाढला की चुकाही वाढतात. मका, ऊस, ज्वारी, बाजरीनं यावर तोड काढलीय, पानातल्या शिरांभोवतीच्या पेशींत कार्बन डायऑक्साइड आधी दाटवायचा आणि रुबिस्को तिथंच ठेवायचा. भात, गहू, कांदा, आपली द्राक्षं, कुणाकडेच ही सोय नाही.

आता देशांचं. हवाईत उसावर आणि सोव्हिएत युनियनमध्ये मक्यावर काम करणाऱ्यांना १९६०च्या आसपास हे वेगळेपण दिसलं होतं, पण सोव्हिएत लोकांचं लिखाण रशियनमध्ये, बाहेर कोण वाचणार! शेवटी ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६मध्ये उसावरच कार्बन पकडण्याची सगळी साखळी जुळवली. तेव्हा एकत्र बसले असते तर काही वर्षं वाचली असती असं मला वाटतं. आता पानाची रचना बघणारे ऑक्सफर्डला, जनुकांचं नियंत्रण बघणारे केंब्रिजला, पान किती वायू घेतं-सोडतं ते मोजण्यात मुरलेले ऑस्ट्रेलियात कॅनबेराला, आणि भाताची रोपं फिलिपिन्सला. २०१७मध्ये मक्याचं एक जनुक भातात घातल्यावर शिरांभोवतीच्या पेशींत हरितलवकं, म्हणजे अन्न तयार करणारे हिरवे कण, वाढलेली दिसली, म्हणजे पहिली पायरी झाली, पण अजून बरीच जनुकं एकत्र आणि योग्य पेशीतच चालवायचीत.

म्हणून बियाण्याची वाट बघू नका. शिवाय हे पडणार जीएम, म्हणजे जनुक बदललेलं बियाणं, आणि आपल्याकडे व्यावसायिक लागवडीला आजवर फक्त बीटी कापूस आहे.

येवल्याकडच्या सोयाबीनवाल्यांसाठी जाता जाता : अमेरिकेत इलिनॉयच्या टीमनं कडक उन्हातून सावलीत आल्यावर पान लवकर सावरेल असा जनुकीय बदल सोयाबीनमध्ये केला, २०२२मध्ये ते प्रसिद्ध झालं, काही वाणांत उत्पादन ३३ टक्क्यांपर्यंत वाढलं म्हणे. तो एकाच हंगामाचा आकडा, प्रयोगाच्या पुढच्या हंगामात वादळानं पीक आडवं पडलं आणि हिशोब नीट लागला नाही, तेव्हा व्हॉट्सॲपवर कुणी हा ३३ चा आकडा पाठवला तर हंगाम किती ते आधी विचारा.