बदनामीच्या खटल्यात न्यायालय वर्तमानपत्राला बातमीचा स्रोत उघड करायला लावू शकतं का?

भारतात हो, लावू शकतं. पत्रकारितेतला ‘स्रोत सांगणार नाही’ हा दंडक नैतिक आहे, कायद्याने दिलेला हक्क नाही.

प्रेस कौन्सिल (वर्तमानपत्रांवर लक्ष ठेवणारी संस्था) कायदा, १९७८ च्या कलम १५(२) चा आधार अनेक जण घेतात; त्यात स्रोत सांगायची सक्ती करता येणार नाही असं म्हटलं आहे. पण ते संरक्षण प्रेस कौन्सिलपुढच्या चौकशीपुरतंच आहे, न्यायालयात ते चालत नाही. पुराव्याच्या कायद्यात वकील आणि पती-पत्नी यांच्यातल्या गोपनीय बोलण्याला संरक्षण आहे, पत्रकाराला नाही. विधी आयोगाने १९८३ मध्ये ९३ व्या अहवालात पत्रकारालाही असं संरक्षण द्यावं असं सुचवलं होतं: गोपनीयतेच्या शब्दावर मिळालेल्या माहितीचा स्रोत सांगण्याची सक्ती नको. पुढे २०२३ मध्ये अख्खा पुरावा कायदा नव्याने लिहिला गेला, तरी ते कलम आलं नाही. मला हे फार चुकीचं वाटतं, कारण झळ बसते ती घोटाळ्याची कागदं बाहेर आणणाऱ्या कारकुनाला.

ब्रिटनमध्ये १९८१ च्या न्यायालय अवमान कायद्याचं कलम १० आहे. न्याय, राष्ट्रीय सुरक्षा किंवा गुन्हा रोखणं यांसाठी गरज सिद्ध झाली तरच तिथे स्रोत विचारता येतो.

बदनामीच्या दाव्यात एक वेगळी अडचण असते. बातमी खरी आहे हे वर्तमानपत्रालाच सिद्ध करावं लागतं आणि स्रोत साक्षीला आणता येत नाही. म्हणून छापण्याआधीच कागदपत्रं आणि दुसरा स्वतंत्र दुजोरा हाताशी हवा.