जुन्या वाड्याच्या दारांचा रंग सुटतो आहे. दीड वर्षाच्या मुलाला शिशाचा धोका आहे का?

ताई, परभणीतील सासरच्या वाड्यात दारांच्या जुन्या ऑइलपेंटचे पोपडे सुटत आहेत आणि दिवाळीपूर्वी रंगारी लावून तो सगळा घासून काढावा का, असे आपण विचारले आहे. मी लातूर भागात जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे करतो. धोका खरा आहे. मात्र पोपड्यांपेक्षा कोरड्या घासकामाची मला अधिक भीती वाटते.

घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, केशरी व लाल छटांत, शिसे आहे असेच धरून चालावे. भिंतींना आजवर नुसता चुनाच लागला असेल तर त्यांची काळजी नको. दार चौकटीला जिथे घासते तिथे रोज बारीक भुकटी पडते, ती रांगत्या मुलाच्या हाताला लागते आणि हात तोंडात जातो. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेते, आणि मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम बराच काळ बाहेरून दिसतही नाही.

रंगाऱ्याला कोरडा पॉलिशपेपर आणि ब्लोलॅम्प दोन्ही वापरू देऊ नका, कारण पहिल्याने धूळ उडते आणि दुसऱ्याने शिशाची वाफ होते. काम चालू असताना मुलाला घेऊन माहेरी जाणे उत्तम. जमिनीवर प्लास्टिक अंथरावे, रंग ओला करूनच खरवडावा, सुटलेले पोपडे पिशवीत बांधावेत, आणि झाडूऐवजी ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून घ्यावे. आपल्याकडे पाण्याची ओढ असते हे मी जाणतो, पण इथे बादलीभर पाणी वाचवू नये. ते गढूळ पाणी अंगणात किंवा तुळशीत मात्र ओतू नये. रंग घट्ट बसलेला असेल तिथे तो न उकरता वरून नवा हात दिला तरी चालतो. घासणाऱ्या कडांना तेवढ्याने भागत नाही, तिथे जुना रंग काढावाच लागतो.

माळ्यावरचा रंगवलेला जुना पाळणा वापरात काढू नये. देवळीतील शेंदूर लावलेल्या मूर्तीपर्यंतही मुलाचा हात पोहोचू देऊ नये, कारण पारंपरिक शेंदूर हे शिशाचेच संयुग आहे.

मूल आतापर्यंत त्या दारांजवळ खेळले असल्यास बालरोगतज्ज्ञांना सांगून रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. ते दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक आढळल्यास स्रोत शोधून संपर्क तोडावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच वेळी हिमोग्लोबिनही पाहून घ्यावे, कारण लोह कमी असलेले मूल शिसे अधिक शोषते.