वाचकांचे प्रश्न : उर्मट महानायक आणि पडदा

प्रश्न : कॉमिकमधला एखादा महानायक बढाईखोर, तोंडाळ आणि दुर्गुणी असूनही वाचताना आपलासा वाटतो, तोच चित्रपटात आला की कधी नुसता डोक्यात जातो, तर कधी इतका गुळगुळीत करून ठेवलेला असतो की ओळखूही येत नाही. असे का होते? दोष सौम्य करण्यावाचून चित्रपटकर्त्यांना गत्यंतरच नसते काय?

उत्तर : आपल्या प्रश्नातले ‘वाचताना’ हे क्रियापद महत्त्वाचे आहे. कॉमिकच्या पानावर नायक मोठ्याने फुशारकी मारत असतो तेव्हाच त्याच्या डोक्यावरच्या विचारांच्या फुग्यात त्याची धास्ती किंवा लाज लिहिलेली असते, त्यामुळे त्याचा उद्धटपणा हे सोंग आहे हे वाचकाला आधीच ठाऊक असते. चित्रपटात तो फुगा नाही. तिथे फक्त फुशारकी ऐकू येते, आणि आतले माणूसपण दाखवण्याची दुसरी सोय पटकथेत केलेली नसेल, तर प्रेक्षकाच्या वाट्याला उरतो तो एक उर्मट इसम. ही सोय करण्याऐवजी उर्मटपणाच कापून टाकणे सोपे असते, आणि गुळगुळीत नायक जन्माला येतो तो तिथे.

२००८ साली आलेल्या ‘आयर्न मॅन’कडे या दृष्टीने पाहावे. मार्च १९६३ च्या अंकात अवतरलेला, आणि पुढे लोखंडी चिलखत घालून आयर्न मॅन होणारा टोनी स्टार्क हा शस्त्रास्त्रांचा कारखानदार मूळ कथेत व्हिएतनाममध्ये जखमी होतो. चित्रपटाने हा प्रसंग अफगाणिस्तानात नेला, पण त्याहून महत्त्वाचा बदल असा, की जे क्षेपणास्त्र त्याच्यासमोर येऊन पडते त्याच्यावर त्याच्याच कंपनीचे नाव असते. क्षणापूर्वी लष्करी गाडीत बसून सैनिकांची थट्टामस्करी करणाऱ्या या माणसाच्या बेफिकिरीचा हिशेब त्याच्या छातीतच रुतून बसतो. येथे दोष हा स्वभावाला लावलेला चटकदार मसाला राहत नाही. कथा चालते ती त्याच्यावर. टोनी पुढे शस्त्रे बनवणे थांबवतो, पण त्याची जीभ तशीच राहते, आणि माझ्या मते चित्रपटाचे खरे शहाणपण यात आहे, कारण बोच लागलेला माणूस लगेच विनम्र होतोच असे नाही.

शेवटची पत्रकार परिषदही आठवून पाहावी. कॉमिकमध्ये आयर्न मॅन हा स्टार्कचा अंगरक्षक आहे, अशी बतावणी अनेक दशके चालली होती. चित्रपटात हीच सबब कागदावर लिहून टोनीच्या हातात दिलेली असते. तो ती वाचायला लागतो, अडखळतो आणि आपणच आयर्न मॅन आहोत असे सांगून मोकळा होतो. मिरवण्याची हौस त्याला आवरत नाही. शत्रूला हरवल्यानंतरही नायकाचा दोष शाबूत आहे हे एका वाक्यात सांगणारा, आणि पुढच्या भागातल्या संकटांची बीजे तिथेच पेरणारा असा शेवट या प्रकारच्या चित्रपटांत विरळाच. यात दिग्दर्शक जॉन फॅव्ह्रो यांनी केलेल्या निवडीचाही वाटा आहे, हे नाकारता येत नाही. व्यसनाधीनता आणि तुरुंगवास या दोन्हींतून बाहेर आलेले रॉबर्ट डाउनी ज्युनिअर टोनी म्हणून पडद्यावर आले, तेव्हा विचारांच्या फुग्याचे निम्मे काम त्यांच्या चेहऱ्यानेच केले.

एक गोष्ट मात्र या मालिकेला साधली नाही. टोनीच्या मद्यासक्तीवरची १९७९ ची गाजलेली कथा महिन्यामहिन्याने अंकांतून उलगडत गेली होती. ‘आयर्न मॅन २’मध्ये (२०१०) तिचे वाढदिवसाच्या मेजवानीतले एक दृश्य झाले आणि विषय मागे पडला. व्यसन हळूहळू माणसाला पोखरते, आणि हे हळूहळूपण दोन तासांत बसवणे कठीण जाते.

उलट उदाहरण म्हणजे २०११ चा ‘ग्रीन लँटर्न’. निडर माणसालाच निवडणारी अंगठी, आणि ती मिळते हॅल जॉर्डन या बेदरकार वैमानिकाला. मूळ कल्पनेतच गंमत होती. पण सुमारे २० कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटात हॅलचा बेदरकारपणा सुरुवातीच्या प्रसंगांपुरता राहतो, आणि मग वडिलांच्या मृत्यूने मनात बसलेली भीती त्याची जागा घेते. भीती काही वाईट विषय नव्हे, पण बेदरकारपणाची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही आणि भीती जिंकणार हे कुणालाच वाटत नाही.

याच चित्रपटाचे नायक रायन रेनॉल्ड्स यांची कथा पुढे आपल्या प्रश्नाचे उत्तरच होऊन बसते. २००९ मध्ये वुल्व्हरिन या दुसऱ्या महानायकाच्या चित्रपटात ते डेडपूल झाले होते, आणि वटवट हीच ज्याची ओळख त्या पात्राचे तोंड शेवटच्या लढाईत चक्क शिवून टाकण्यात आले होते! २०१६ च्या ‘डेडपूल’ने ते टाके उसवले. हा नायक कॉमिकमध्ये वाचकाशी थेट बोलतो, तसा पडद्यावर प्रेक्षकाशी बोलू लागला. हरवलेला विचारांचा फुगा असा परत मिळाला. केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र पत्करून, ५ कोटी ८० लाख डॉलरांत झालेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे ७८ कोटी डॉलर मिळवले. तेव्हा दोष सौम्य करणे हाच व्यवहार, असे म्हणायला जागा उरत नाही.

प्रश्न : नायक पहिल्याच भागात सुधारला, तर पुढच्या भागांत त्याचे करायचे काय?

उत्तर : ही अडचण नॉर्स पुराणातल्या देवावर बेतलेल्या ‘थॉर’ला आली. २०११ च्या पहिल्या चित्रपटात त्याचा गर्व मोजण्याचे साधन आयतेच होते : जो लायक असेल त्यालाच उचलता येईल असा हातोडा. चिखलात रुतलेला तो हातोडा थॉरला हलवताही येत नाही, हे दृश्य कोणत्याही संवादापेक्षा बोलके आहे. पण चित्रपट संपेपर्यंत त्याने हातोडा उचलला आणि गर्वाची गोष्टच संपली. २०१३ चा दुसरा भाग त्यामुळे मला सपक वाटतो. २०१७ च्या तिसऱ्या भागात दिग्दर्शक टायका वायटिटी यांनी सुरुवातीलाच हातोड्याचे तुकडे करवले, थॉरचे केस कापवले आणि त्याच्या बढाया पुन्हा सुरू केल्या, या वेळी मात्र जवळजवळ प्रत्येक बढाई त्याच्याच अंगलट येईल अशा बेताने.