दूध चालत नसेल तर प्रोबायोटिक कशातून मिळवावं?

दूध-दही सोडलं, गव्हानेही पोट बिघडतं, मग प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी पडणारे जिवंत सूक्ष्मजीव, घ्यायचे कशातून, असं तुम्ही विचारलंय. आधी एक सांगा: त्रास लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा, आहे की दुधातल्या प्रथिनांचा? लॅक्टोज पचत नसणाऱ्या अनेकांना थोडं दही चालतं, कारण विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज आधीच फोडतात. पण माझ्यासारखी प्रथिनांची ॲलर्जी असेल तर दह्याचा एक चमचाही नको.

प्रोबायोटिकमध्ये नेहमी दिसणाऱ्या जिवाणूंचं लॅक्टोबॅसिलस हे नाव ऐकून मी कितीतरी दिवस घाबरत होते. नाव दुधावरून पडलं असलं, तरी यातले कित्येक जिवाणू पालेभाज्यांवरच राहतात. म्हणून माझा भरवसा मिठात आंबवलेल्या कोबीवर आहे. किलोभर चिरलेल्या कोबीला 20 ते 25 ग्रॅम मीठ चोळायचं, बरणीत दाबून भरायचा आणि सुटलेल्या पाण्याखाली पूर्ण बुडवून ठेवायचा. साधारण 20 अंश तापमानात दोन-तीन आठवड्यांत छान आंबतो. पाण्याच्या वर राहिलेल्या तुकड्यांना बुरशी येते. माझी पहिली बरणी अशीच गेली. बुरशी दिसली तर सगळंच टाकून द्या. आणि खाताना कच्चाच खा, शिजवला की जिवाणू मरतात. व्हिनेगरमधल्या किंवा पाश्चराइज केलेल्या भाज्यांत ते जिवंत नसतातच.

अशा कोबीत नेमके कोणते जिवाणू किती आहेत हे मोजलेलं नसतं. ठरावीक मात्रा हवी असेल तर कॅप्सूल बरी, पण तिथे डोळ्यांत तेल घालून लेबल वाचा. काही कॅप्सूलमधले जिवाणू दुधावर वाढवलेले असतात आणि प्रथिनांचा अंश उरतो. मला एकदा त्यानेच अंगभर पित्त उठलं होतं. इन्युलिन (एक प्रकारचा तंतू) घातलेलं असेल तर पोट फुगू शकतं. कॅप्सूलमध्ये मिळणारं सॅकरोमायसीस बुलार्डी हे जिवाणू नसून यीस्ट आहे, अँटिबायोटिकने मरत नाही, पण त्याच्याही लेबलवर लॅक्टोज आहे का ते पाहा. मिसोमध्ये (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट) बऱ्याचदा बार्ली असते, म्हणजे गव्हात असतं ते ग्लुटेन आलंच. किमचीत (आंबवलेल्या भाज्यांचा कोरियन पदार्थ) बहुधा मासळी असते.

आंबवलेलं खाऊन डोकं दुखलं, चेहरा लाल झाला तर आंबवलेल्या पदार्थांत तयार होणारं हिस्टामीन सोसत नसेल, मग कोबी थांबवा. प्रतिकारशक्ती खूप कमी झालेल्यांनी यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

सुरुवात रोज एका चमच्याने करा, आणि त्या आठवड्यात दुसरा कुठलाही नवा पदार्थ खाऊ नका, म्हणजे त्रास झालाच तर कशाने झाला ते कळेल.